दहावा माणूस

कुपी एकदा फोडली की दहा जणांची,
आणि ठरल्या वेळात संपवावीच लागते.
म्हणून बॅलार्ड पिअरच्या या खोलीत
नऊ माणसं बाकावर बसून
दहाव्याची वाट बघतात.
ज्याला कधी पाहिलं नाही
त्याच्यावर आत्तापासून चिडतात.

युगांडाला निघालेला साखर कारखान्याचा केमिस्ट आहे,
लागोसचे कापडवाले शहा आहेत,
आणि नवऱ्याकडे चाललेली एक मुलगी,
हातावरची मेंदी अजून नखांत उरलेली.
तिच्या सासूला मी पाणी आणायला पाठवते,
मग विचारते, पाळी चुकलेली नाही ना?
ती दाराकडे बघते. बोटं मोजते.
पुन्हा मोजते.
तिला मी बाजूला बसवते. आज नऊचे आठ.

अंडं चालतं का?
शहा कानाला हात लावतात. अहो, आम्ही जैन.
खाता का नाही विचारत, शेठ, बाधतं का?
ते आता कसं कळणार, म्हणतात,
आणि खरंच, मला उत्तर सुचत नाही.

टोचल्यावर अर्धा तास कुणी उठायचं नाही.
या अर्ध्या तासात मी बोलते, कुणी सांगितलेलं नसताना.
दहा दिवस झाल्याशिवाय दाखला लागू होत नाही,
उद्याचं विमान असेल तर माझ्यावर ओरडू नका.
गोळ्या डब्यात काढून नेऊ नका, पाकिटासकट न्या,
डॉक्टरची चिठ्ठी वर.
इन्सुलिन हातातल्या पिशवीत; पोटातलं सामान
विमानाच्या पोटात गोठतं.
दुबईवरून जाणार? मग लाडवात खसखस नको.
बर्फ तोंडात टाकण्याआधी आठवा
की तोही पाणीच होता.

आणि पिवळ्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर
मी लिहून देते, मोठ्या छापील अक्षरांत,
रक्तगट, आणि काय सोसत नाही ते.
साहेब म्हणतात, सिस्टर चाफेकर,
हे आपल्या कामात बसत नाही.
बसत नाही, खरं आहे.

काल हर्णैचा यासीन मुकादम आला,
जहाजावर तेलवाला, कानशिलं पांढरी झालेली.
त्याला बघून शहा उठून उभेच राहिले:
आला दहावा!
नव्हता. त्याचं टोचून झालं होतं, जन्मभराचं.
त्याला फक्त नवी पुस्तिका हवी होती,
जुनी समुद्रानं चाखलेली.

शेवटचं पान उघडलं.
वर माझं अक्षर, फुटलेलं, तरी माझंच:
पेनिसिलिन चालत नाही.
खाली निळ्या शाईत दुसऱ्या कुणाच्या चार ओळी.
लुआंडाला, म्हणाला, पाय सडला होता,
चार दिवसांचं काही आठवत नाही.
कुणी लिहिलं? माहीत नाही.
काय लिहिलंय? ते तुम्ही सांगा,
तुम्ही शिकलेल्या.

अक्षरं सगळी ओळखीची, शब्द एकही नाही.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो,
गावात आलेली तार बघावी तसे.
मग एक सापडला: पेनिसिलिना.
दोनदा अधोरेखित.
आपल्याकडे नुसतं औषध,
तिकडे कुणाची तरी मुलगी असावी असं नाव.

पंचवीस वर्षं मी हे पान लिहिते.
कुणी वाचत असेल असं
धरून चालले होते, एवढंच.

चारही ओळी नव्या पुस्तिकेत उतरवल्या,
एकेक अक्षर चित्रासारखं काढत,
वळणावर टिंब होतं की डाग, ते न कळता
तेही काढलं.
यासीन म्हणाला, चहा घ्याल?
मी म्हटलं, अजून दोन यायचेत.

तेवढ्यात एक जण धापा टाकत आत आला,
शेजारच्या कस्टमच्या इमारतीत तासभर बसलेला.
आठ माणसं त्याच्याकडे बघून हसली.
नऊ झाले, शहा म्हणाले,
आणि पुन्हा दाराकडे तोंड करून बसले.